शाळा सुटल्यावर प्रयोगाची खोली उघडा

बहुतेक हायस्कुलांत प्रयोगशाळा म्हणून एक खोली असते. कपाटाला कुलूप, किल्ली विज्ञानाच्या सरांकडे आणि सर एस.टी. गाठायला फाट्यावर. प्रात्यक्षिकाची वही पोरं एकमेकांची बघून उतरवतात. सरांना दोष देऊन भागणार नाही; वर्ग मोठा, तास थोडे, परीक्षा डोक्यावर. पण शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंतचे दोन तास आपल्या आठवी-नववीच्या पोरांचे कुठे जातात, हे तुम्हाला मी सांगायला नको. पोरगं पारावर मोबाइलमध्ये मान घालून बसतं, पोरगी घरी जाऊन चूल धरते.

माझे म्हणणे एवढेच, की आठवड्यातून दोन दिवस ती खोली शाळा सुटल्यावर उघडी राहावी आणि तिथे पोरांनी गावाच्या उपयोगाचे प्रयोग स्वतःच्या हाताने करावेत. लिटमस कागद निळ्याचा तांबडा होतो, तेही जरूर पाहावे. पण ज्या प्रयोगाच्या निकालाची घरी बाप वाट बघतोय, तो प्रयोग पोरगं जन्मात विसरत नाही.

सोयाबीनचेच घ्या. २०२० च्या खरिपात बियाणे उगवले नाही म्हणून राज्यभर तक्रारींचा पाऊस पडला, दुबार पेरण्या झाल्या. सोयाबीन हे सरळ वाणाचे पीक. घरचे बियाणे चालते. मात्र त्याचे टरफल फार नाजूक. मळणी यंत्र जोरात फिरवले, पोते उंचावरून आदळले, की आतला कोंब दुखावतो आणि वरून काही दिसत नाही. पेरण्याआधी उगवणशक्ती तपासा, असे आम्ही दरवर्षी ओरडून सांगतो. तुम्ही मान डोलावता आणि कामाच्या गडबडीत ते राहून जाते.

हे काम नववीच्या पोरांना द्या. पोत्यातून निवड न करता शंभर दाणे घ्यायचे. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडायच्या, वरून दुसरे ओले गोणपाट घालून गुंडाळी करायची आणि सावलीत ओल टिकवून ठेवायची. सहा-सात दिवसांनी उलगडून धड कोंब मोजायचे. सत्तर किंवा जास्त निघाले तर एकरी तीस किलो बियाणे पुरे. सत्तरच्या खाली प्रत्येक टक्क्याला अर्धा किलो वाढवायचे. म्हणजे साठ निघाले तर पस्तीस किलो. त्याच्याही खाली गेले तर ते बियाणे पेरणीला न वापरलेलेच बरे. यात टक्केवारी आली, वनस्पतिशास्त्र आले आणि बापाचे पैसेही वाचले. पुढे पोरांनीच विचारावे, की हाताने बडवलेले आणि यंत्रातून काढलेले यांत फरक किती? मग दोन्हींच्या गुंडाळ्या शेजारी-शेजारी ठेवून बघावे. विज्ञान याहून वेगळे काय असते?

पावसाचेही तसेच. मंडळाच्या गावी पडलेला पाऊस आणि तुमच्या शिवारातला पाऊस एक नसतो, हे तुम्हीच मला बांधावर ऐकवता. मग सरळ उभ्या भिंतीचे, सपाट बुडाचे एक भांडे उघड्यावर ठेवा आणि रोज सकाळी ठरल्या वेळी पट्टीने पाणी मोजा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर, एकरावर सुमारे चार हजार लिटर. पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर झाल्याशिवाय पेरणीची घाई नको, असे आम्ही सांगतो. तो आकडा शाळेच्या फळ्यावर दिसला तर वाद मिटेल. कपाशीच्या गावात कामगंध सापळ्यातले पतंग मोजावेत. सलग तीन दिवस एका सापळ्यात रोज आठ किंवा जास्त बोंडअळीचे पतंग सापडले, की उपाययोजनेची वेळ झाली.

एक गोष्ट मात्र बजावून सांगतो. औषध लावलेले बियाणे, कीटकनाशक आणि फवारणीचा पंप या खोलीत येता कामा नये. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही.

ही कल्पना माझ्या पदरची नाही. शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला. मोठ्या कंपनीतले संशोधनाचे काम सोडून हा माणूस कोरडवाहू गावात येऊन बसला. हाताने काम करता करता शिकायचे, हे त्यांचे सूत्र. शेती-पशुपालन, वर्कशॉप, ऊर्जा-पर्यावरण आणि गृह-आरोग्य असे चार विभाग त्यांनी शाळेतल्या पोरांसाठी बसवले आणि गावाला लागणारी कामे पोरांकडून करवून घेतली. ते शाळेच्या वेळातच चालते. आपल्याला वेळापत्रकाला हात लावणे जड जाईल, म्हणून मी शाळा सुटल्यावरचे बोलतोय.

तुम्ही म्हणाल, पोरगं घरी आलं तर जनावरांचं वैरणपाणी बघतं, त्याला कशाला अडकवता? आठवड्यातले दोन दिवस ते काम बापाने बघावे. मुलींबाबत मात्र नुसता शब्द पुरणार नाही. अंधाराच्या आत त्या घरी पोहोचायला हव्यात, वाडी-वस्तीवरच्या मुली गटाने जायला हव्यात आणि खोलीत एखादी शिक्षिका किंवा बचत गटातली ताई बसायला हवी. एवढी सोय केली नाही तर खोलीत नुसती पोरं दिसतील. खरे तर निवडणे-टिपणे हे बियाण्याचे काम आजवर बायकांच्याच हातचे.

खर्च म्हणाल तर गोणपाट, भांडे, पट्टी, वही. सरांना शाळेनंतर दोन तास थांबवायचे तर त्याचा काही मोबदला द्यावा, फुकटात राबवू नये. महिला व बालकल्याणासाठी ग्रामपंचायतीला दहा टक्के रक्कम खर्चावी लागते. त्यातून मुलींच्या भागाला काही धरता येईल का, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी (आपल्या तोंडी अजून ग्रामसेवकच) नियम बघून सांगावे. मी पदविकाधारक माणूस, शास्त्रज्ञ नव्हे; पण गोणपाटाची गुंडाळी कशी करायची हे दाखवायला माझ्यासारखा कर्मचारी कोणत्याही गावात येईल.

मे महिन्यात शाळा बंद, म्हणून बियाण्याची तपासणी एप्रिलमध्येच उरकावी लागेल. घराघरातून मूठ-मूठ दाणे गोळा करायचे आणि पुडीवर नावाऐवजी नंबर टाकायचा, म्हणजे कुणाची चारचौघांत शोभा नको. १ मेच्या ग्रामसभेत सरपंचांनी पहिला अर्धा तास पोरांना द्यावा. एका मुलीने तक्ता वाचावा आणि ज्याचा त्याने आपला नंबर ऐकून बियाणे किती धरायचे ते ठरवावे.