इबोलाच्या सावलीतला गोवर

एकाच वेळी दोन साथी उद्भवल्या की गाजणाऱ्या साथीकडे सारे लक्ष जाते. काँगो लोकशाही प्रजासत्ताकाने याची जबर किंमत मोजली. ऑगस्ट २०१८ ते जून २०२० या काळात देशाच्या पूर्व भागात इबोलाने २,२८७ बळी घेतले. जागतिक आरोग्य संघटनेने जुलै २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय आणीबाणी घोषित केली. निधी, तज्ज्ञ आणि माध्यमे तिकडे वळली. त्याच सुमारास देशभर फैलावलेल्या गोवराने मात्र सात हजारांहून अधिक प्राण घेतले. त्यांत बहुतांश पाच वर्षांखालील बालके होती.

गोवराची स्वस्त लस अनेक दशकांपासून उपलब्ध आहे. परंतु नियमित लसीकरण आधीच खिळखिळे झाले होते आणि सशस्त्र संघर्षामुळे पथकांना अनेक गावे गाठता येत नव्हती. मार्च २०२० मध्ये त्यात कोविडची भर पडली.

आणीबाणीसाठीचे मनुष्यबळ नेहमीच्या लसीकरणातून ओढून घेतले, तर एका रोगातून वाचलेले मूल दुसऱ्याला बळी पडते. पावसाळ्यात डेंग्यू, मलेरिया व लेप्टोस्पायरोसिस यांना तोंड देणाऱ्या गोव्यानेही हे ध्यानी ठेवावे. तिन्हींची सुरुवात तापानेच होते आणि तपासणारे हात तेच असतात.