लेकीला नर्सिंगला घालावं का?

बारावीचा निकाल लागला की दाखल्यांच्या निमित्ताने तालुक्यातले पालक भेटतात. बोधेगाव, चापडगाव, ढोरजळगाव, घोटण, कुठून कुठून येतात. मुलगी हुशार असते, घरात पैसा नसतो आणि प्रश्न ठरलेला असतो : पोरीला नर्सिंगला घालू का? एका बापाने मात्र वेगळेच विचारले. म्हणाला, "भाऊ, बाबासाहेबांनी आपल्याला घाण कामं सोडायला लावली. आता मीच माझ्या लेकीला लोकांचं हागणं-मुतणं काढायला धाडू का?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृतमांस आणि मेलेली गुरे ओढणे सोडा म्हणून सांगितले. आपल्या आज्या-पणज्यांनी ते सोडले आणि त्यापायी गावोगाव बहिष्कार सोसले. त्या बापाच्या बोलण्यात तो अभिमान होता. पण त्याची गफलत होत होती ती इथे. ते काम जन्माने गळ्यात पडले होते. त्याला शिक्षण नव्हते, मोबदला म्हणून शिळा तुकडा होता आणि नाही म्हणायची सोय नव्हती. नर्सिंगला परीक्षा द्यावी लागते, तीन-चार वर्षे शिकावे लागते, महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नाव नोंदवावे लागते. आणि तिथे सगळ्या जातीधर्माच्या मुली एकाच वॉर्डात तेच काम करतात.

आपण बौद्धांनी तर हा प्रश्न विहारातच सोडवायला हवा. विनयपिटकात एक प्रसंग आहे. एका भिक्खूला अतिसार झाला होता. तो आपल्याच मलमूत्रात पडून होता. इतर भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते, कारण तोही कधी कुणाच्या उपयोगी पडला नव्हता. भगवंत आनंदाला बरोबर घेऊन तिथे आले. आनंदाला पाणी आणायला लावले. भगवंतांनी पाणी ओतले, आनंदाने त्याचे अंग धुतले. मग एकाने डोक्याकडून, एकाने पायाकडून उचलून त्याला मंचकावर निजवले. बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ग्रंथातही हा प्रसंग आला आहे. त्याच ठिकाणी विनयात शुश्रूषा करणाऱ्याचे पाच गुण दिलेत : औषध देता यावे, रोग्याला काय चालते काय नाही हे कळावे, लाभासाठी नव्हे तर मैत्रीने सेवा करावी, मलमूत्र, थुंकी, वांती काढताना किळस वाटू नये, आणि चार धम्माच्या गोष्टी सांगून त्याला धीर द्यावा. सावित्रीमाई तर १८९७ च्या प्लेगात मुंढव्याच्या महारवाड्यातले आजारी पोर पाठीवर घेऊन दवाखान्यात गेल्या. त्याच साथीने १० मार्चला त्यांचा अंत झाला.

आमच्या ओळखीतली एक मुलगी जी.एन.एम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत आली होती, तिला मी मुद्दाम विचारले, "बाई, किळस येते का?" ती म्हणाली, "काका, पहिले आठ दिवस जेवण गेलं नाही. मग सवय झाली. पण एका गोष्टीची सवय होत नाही." तिने सांगितले ते असे. खुर्चीवरचा माणूस बोलतो तेव्हा पँट-शर्टवाल्याला "काका, बसा" आणि ऊसतोडीवरून आलेल्या म्हातारीला "ए, सरक तिकडं." म्हातारी सरकते. काय झाले ते नीट सांगत नाही. विचारले त्याला मान डोलावते.

एका आजीचे तिने सांगितले. रक्तदाबाच्या गोळ्या वर्षभर चालू, तरी दाब उतरेना. डॉक्टर रागावले. आजी म्हणाली, घेते की. या मुलीने संध्याकाळी उशाशी बसून वेगळे विचारले, "आजी, गोळी कधी कधी घेता?" आजी म्हणाली, "चक्कर आली की घेते. रोज घेतली तर संपंल ना." संपली की पुन्हा यायला एस.टी.चे भाडे आणि एका दिवसाचा खाडा. कागदावर डॉक्टरांनी सगळे बरोबर लिहिले होते, इंग्रजीत. मुलगी म्हणाली, "काका, गोळ्या घेता ना, असं विचारलं की सगळेच हो म्हणतात. कधी घेता, असं विचारावं लागतं." हे तिला पुस्तकाने शिकवले नाही. तिची स्वतःची आजी अशीच गोळ्या पुरवून पुरवून खायची, म्हणून तिला कळले. आपल्या घरातली मुलगी त्या वॉर्डात असण्याचा एवढा उपयोग आहे.

आपल्या जिल्ह्यातच याचा मोठा दाखला आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. खेड्यातल्या बायकांनाच त्यांनी आरोग्यसेविका केले. त्यांत कितीतरी निरक्षर होत्या, कितीतरी आपल्या वस्तीतल्या. बाळंतपण, जुलाब, लसी, सगळे त्या शिकल्या आणि गावात सांगू लागल्या. कूपनलिका घ्यायची वेळ आली तेव्हा ती दलितवस्तीत घेतली, म्हणजे पाण्याला सगळ्या गावाला तिथे येणे भाग पडले. डॉक्टरांनी केलेला हा सत्याग्रहच म्हणायचा! १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जामखेड पाहायला जगभरातून लोक येतात, आपल्यातले किती गेले आहेत?

धंदा सोपा आहे असे मात्र सांगणार नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषाने साध्या रुग्णालयात पाच रोग्यांमागे एक परिचारिका हवी. रात्रपाळीला सरकारी वॉर्डात जाऊन कुणीही मोजून यावे. ६ नोव्हेंबर २०२१ ला नगरच्या जिल्हा रुग्णालयात कोरोनाच्या अतिदक्षता विभागाला आग लागली, त्या दिवशी ११ रुग्ण गेले. पुढे अटक झालेल्यांत परिचारिकाही होत्या. आग लागते ती यंत्रणेतल्या हलगर्जीने, आणि पहिला हात पडतो तो पाळीवरच्या सिस्टरवर. आईबापांनी हे जाणून मुलीला पाठवावे, आणि मुलींनी संघटनेत राहावे.

रोग्यांच्या घरच्यांसाठीही दोन शब्द. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी व उपचार मोफत आहेत. मोठ्या ऑपरेशनला महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याला रेशनकार्ड दाखवून आधी भेटा, पैसे भरल्यावर नव्हे. अडल्या वेळी १०८ ला फोन करा. आणि गर्भपिशवी काढायला कुणी घाई केली तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय हो म्हणू नका. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या किती बायकांच्या पिशव्या काढल्या गेल्या ते २०१९ मध्ये सगळ्या महाराष्ट्राने ऐकले.

आता ज्यांना मुलीला पाठवायचे आहे त्यांनी ऐकावे. बी.एस्सी. नर्सिंगला बारावी सायन्स लागते, जी.एन.एम.ला इतर शाखाही चालतात. प्रवेशाआधी ती संस्था परिचर्या परिषदेच्या मान्यतेची आहे का, हे स्वतः तपासा. नुसती पाटी पाहून फी भरू नका. बौद्धांना केंद्राच्या सवलती १९९० च्या दुरुस्तीने मिळाल्या आहेत, तेव्हा शिष्यवृत्तीला आणि वसतिगृह न मिळाल्यास स्वाधार योजनेला अर्ज करायचाच. जात वैधता प्रमाणपत्राला वेळ लागतो. मुलगी अकरावीत असतानाच आजोबांच्या शाळेचा जुना दाखला शोधून ठेवा.