माळाला झाडं नकोत

दर जुलैत हे होतं. कुणीतरी फोन करतं, "रविवारी येताय ना? माळावर झाडं लावायचीत." मी नाही म्हणतो आणि निसर्गद्रोही ठरतो. ठरू दे.

माळ म्हणजे उजाड झालेलं जंगल, हा समजच मुळात चुकीचा आहे. सोलापूर, करमाळा, इंदापूर हा सगळा पट्टा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. वर्षाला जेमतेम 500-600 मिलिमीटर पाऊस, वीतभर माती आणि खाली मुरूम. अशा जागी गवतच येतं, आणि तेच यायला हवं. पण इंग्रजांच्या महसूलखात्याला ज्या जमिनीतून सारा मिळत नाही ती 'वेस्ट' वाटली. इंग्रज गेले, शब्द राहिला. 2000 साली आपल्या सरकारने पडीक जमिनींचे नकाशे छापले, त्यातही कितीतरी माळरानं 'पडीक'च!

मला सांगा, पडीक कुणासाठी? माळढोक उघड्या जमिनीवर, बहुधा एकच अंडं घालतो. त्याला दूरवरचं मोकळं दिसावं लागतं. काळवीट, लांडगा, खोकड, धाविक ही सगळी मोकळ्या रानातली मंडळी. तिथे तुम्ही उंदीरमारी लावता. हे झाड मूळचं मध्य अमेरिकेतलं. त्याच्या सावलीत कुसळी आणि मारवेल टिकत नाहीत. गवत गेलं की किडे जातात, मग पक्षी. नान्नजला 1979 साली माळढोकसाठी अभयारण्य झालं. आज राज्यात माळढोक दिसला तर त्याची बातमी होते. त्याला शिकार, शेती, विजेच्या तारा अशी बरीच कारणं आहेत, पण उरलेल्या माळावर आपणच हौसेने रोपं लावावीत हे मात्र अजब आहे.

आणि धनगर? पावसाळ्यात त्यांच्या मेंढ्या याच गवतावर जगतात. रोपं लावली की कुंपण येतं, कुंपण आलं की मेंढरं बाहेर. ज्यांच्या पिढ्या या माळावर गेल्या त्यांना न विचारता शहरातून बस भरून येणारे आपण कोण?

"पण झाडं कार्बन शोषतात ना?" हा हुकमी प्रश्न. गवतही शोषतं. ते तो मुळांत आणि मातीत साठवतं, म्हणून वरून दिसत नाही आणि फोटोतही येत नाही. खरी अडचण बहुधा हीच असावी. 2019 साली राज्यात 33 कोटी झाडांचं उद्दिष्ट होतं. झाडं मोजता येतात, गवताच्या काड्या कोण मोजणार?

झाडं लावूच नका असं मी म्हणत नाही. रस्त्याकडेला लावा, शाळेत लावा, जिथली तोडली तिथे आधी लावा. फक्त माळाला माळ राहू द्या.

या रविवारीही मी माळावर जाणार आहे. कुदळ न घेता.