"घरचं कोणी वाचून दाखवेल"

न्यायालयांची संकेतस्थळं अंधांना, अपंगांना स्वतःची स्वतः वापरता आली पाहिजेत, असं मी एका सभेत म्हणालो. एका ज्येष्ठ वकिलांनी मला तिथेच खोडून काढलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : असे पक्षकार मूठभर, त्यांच्यासाठी सरकारी पैसा का घालवायचा, कॅप्चा काढला तर यंत्रं आत घुसतील, आणि अडलंच कुणाचं तर वकील आहे, घरचं कोणी वाचून दाखवेल. सभेने माना डोलावल्या, याचा मला जास्त राग आला.

2011 च्या जनगणनेने देशात 2 कोटी 68 लाख अपंग मोजले. ही मूठ फार मोठी आहे. कॅप्चातले आकडे ऐकवण्याची सोय कित्येक ठिकाणी चालू आहे. आणि टाइप केलेला हुकूम मजकूर म्हणूनच ठेवायला तो छापून स्कॅन करण्यापेक्षा जास्त पैसा लागत नाही.

पण "घरचं कोणी वाचून दाखवेल" हे वाक्य मी सोडणार नाही. कोर्टात माणूस जातो तो बऱ्याचदा घरच्यांविरुद्धच जातो, हे वकिलांना मी सांगायचं?

माझी आत्या अंध आहे. वडिलोपार्जित जमिनीत तिने वाटपाचा दावा लावला, तो भावांवर. तिच्या लॅपटॉपवर पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा पडदावाचक आहे, एनव्हीडीए नावाचा, फुकट मिळणारा. सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक ती न चुकता टाइप करते. त्यापुढच्या कॅप्चाच्या चौकटीवर आली की यंत्र म्हणायचं, "ग्राफिक." बस्स. तिथून पुढे शेजारचा दहावीतला मुलगा क्लासहून येईपर्यंत बसून राहायचं. तिच्या निशाणी 5 च्या, म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या, अर्जावर हुकूम झाला, तो साइटवर चढला, तिने उघडला, आणि यंत्राने सांगितलं, दस्तऐवज रिकामा आहे. रिकामा नव्हता. संगणकावर टाइप करून, छापून, सही-शिक्का मारून मग स्कॅन केलेली दोन पानं होती. डोळ्यांना अक्षरं, यंत्राला नुसता फोटो. सकाळी कोर्टाच्या संगणकात जो मजकूर जिवंत होता, तो संध्याकाळी पक्षकाराच्या हाती पडेपर्यंत मारून टाकलेला होता. शेवटी त्या मुलाने गॅलरीत उभं राहून मोठ्याने वाचलं : अर्ज नामंजूर. दिवेलागणीच्या आत सगळ्या वाड्याला कळलं. काकांनी तर तो दुपारीच मोबाइलवर वाचला होता. एका पक्षकाराला हुकूम दुपारी आणि एकट्याने, दुसऱ्याला संध्याकाळी आणि चारचौघांत. याला समान वागणूक म्हणतात?

वकील सांगेल म्हणता? वकील तारखेला हजर होता की नाही हे पक्षकाराला कोर्टाच्या रोजनाम्यातूनच कळतं. तोही त्याच वकिलाने वाचून दाखवायचा?

ही भाषा मी पूर्वीही ऐकली आहे. कोर्टाच्या पायऱ्यांशेजारी उतार मागितला, तेव्हा शिपाई उचलून नेतील असं उत्तर होतं. मराठी कागद युनिकोडमध्ये करा म्हटलं, तेव्हा "दिसतंय ना नीट?" असं उत्तर होतं. दिसत होतं. पण जुन्या फॉन्टच्या पोटात रोमन अक्षरं असतात, त्यामुळे वाचक यंत्र 'वादी' या शब्दाचा काहीच्या काही उच्चार करतं. दरवेळी धडधाकट माणसाने स्वतःवरून सगळ्यांचा निकाल लावला.

मग करायचं काय? हुकूम डिजिटल सहीसह, मजकूर म्हणूनच चढवा. प्रत्येक चौकटीला यंत्राला कळेल असं नाव द्या. माउसशिवाय सगळं चालू द्या, ध्वनिचित्रफितींना बहिऱ्यांसाठी सबटायटल्स द्या. आणि साइट खुली करण्याआधी एक अंध माणूस बोलावून, त्याच्या हाताला हात न लावता, त्याला एक केस शोधू द्या. ही मेहेरबानी नव्हे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 चं कलम 12 न्यायालयापर्यंत भेदभावाविना पोहोचण्याचा हक्क सांगतं. बँका वगैरे करतात त्या ग्राहक-ओळख पडताळणीच्या (केवायसी) प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 30 एप्रिल 2025 रोजी डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. न्यायालय बँकांना जे सांगतं ते त्याच्या स्वतःच्या दारालाही लागू आहे.

दावा अजून चालू आहे. तो मुलगा शिकायला बाहेरगावी गेला, तेव्हापासून आत्या मला फोन करते : "उद्याचं बोर्ड बघतोस का रे?" मी बघतो, हुकूम असला तर ओळ न् ओळ वाचून दाखवतो. त्या दाव्यात माझे वडील प्रतिवादी क्रमांक 2 आहेत. मी वाचतो तेच कागदावर आहे का, हे पडताळायला तिच्याकडे काहीही नाही.