लाटेवरची शंभर वॅट वीज कोणासाठी?

२६ डिसेंबर २००४ ची सकाळ आठवा. सुमात्राजवळ समुद्राचा तळ हादरला आणि दोन-अडीच तासांनी तामिळनाडूच्या किनाऱ्यावर पाण्याच्या भिंती आदळल्या. एवढ्या वेळात किती जीव वाचले असते! पण सांगणार कोण? हिंदी महासागरात तेव्हा त्सुनामीचा इशारा देणारी यंत्रणाच नव्हती. भारतात दहा हजारांहून अधिक माणसे गेली. हैदराबादचे इशारा केंद्र सुरू झाले ते ऑक्टोबर २००७ मध्ये. आणि मदत वाटताना काय झाले? होडी ज्याची, मदत त्याची! दुसऱ्याच्या होडीवर राबणारे, किनाऱ्यावर मजुरी करणारे दलित आणि इरुलर आदिवासी यादीतून वगळले गेल्याच्या तक्रारी गावोगाव झाल्या.

हे आज आठवायचे कारण म्हणजे समुद्रातली वीज. वारा, लाटा, पाण्याचे तापमान मोजणारे बोये भर समुद्रात नांगरलेले असतात. त्यांच्या नोंदी उपग्रहामार्फत किनाऱ्यावर येतात. हे बोये चालतात बॅटरीवर आणि सौर तावदानांवर. पावसाळ्यात आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, तावदानावर मीठ आणि पक्ष्यांची घाण साचते. बॅटरी संपली की जहाज पाठवावे लागते. म्हणजे ज्या वादळात नोंदीची सर्वाधिक गरज, त्याच वेळी सूर्याची वीज आटते. लाटेचे मात्र उलट आहे. लाटेची उंची दुप्पट झाली की तिच्यातली ऊर्जा चौपट होते. वादळ जितके मोठे, तितकी वीज मुबलक. यंत्र मात्र तो मार सोसणारे हवे.

ही कल्पना नवी नाही. जपानच्या योशिओ मासुदा यांनी लाटेच्या दाबाने हवा ढकलून चालणारे दिव्यांचे बोये १९६० च्या दशकातच समुद्रात सोडले. आपल्याकडे मद्रास आयआयटीने नोव्हेंबर २०२२ मध्ये तुतिकोरिनपासून सुमारे सहा किलोमीटरवर ‘सिंधुजा-१’ हे यंत्र उतरवले. लाटेबरोबर बोया वर-खाली होतो, त्यातून गेलेला लांब दांडा त्यामानाने स्थिर राहतो, आणि दोघांच्या या फरकातून वीज तयार होते. किती? शंभर वॅट.

शंभर वॅट म्हटले की शहाणे लोक हसतात. त्यांना मेगावॅट हवेत, उद्घाटने हवीत. केरळात विळिंजम येथे १९९१ मध्ये दीडशे किलोवॅटचा लाट-प्रकल्प उभारला होता. तो पुढे बंद पडला. आपल्या लाटा उत्तर अटलांटिकच्या मानाने सौम्य आहेत, लाटेची वीज कोळशाशी किमतीत टिकत नाही, हे खरे. पण समुद्रातल्या मोजयंत्राला मेगावॅट लागतच नाहीत. त्याला काही वॅट पुरतात, आणि तिथे तार पोचत नाही. जिथे तार पोचत नाही तिथल्या वीजेची किंमत युनिटच्या दराने नव्हे, वाचलेल्या जिवांनी मोजावी लागते.

आता खरा प्रश्न. नोंद आली, इशारा निघाला, पण पोचला कोणाला? २०१७ च्या ओखी वादळात केरळ-कन्याकुमारीचे मच्छीमार किनाऱ्यापासून फार दूर होते. मोबाईल तिथे मुका असतो. त्यानंतर २०१९ मध्ये उपग्रहावरून इशारा देणारे ‘जेमिनी’ उपकरण आले. त्यात संदेश येतो, पण उलट बोलता येत नाही. आणि असे यंत्र घ्यायचे की नाही हे ठरवतो होडीचा मालक. खलाशी फक्त मरतो.

वर आरोपही त्याच्याच माथी! मच्छीमार बोये मोडतात, असे साहेबलोक सांगतात. बोये मोडतात हे खरे. तरंगत्या वस्तूखाली मासा जमतो, म्हणून होड्या तिथे जातात, जाळी अडकतात. पण हा बोया तुझ्यासाठी आहे, हे त्याच्या भाषेत त्याला किती वेळा सांगितले? ज्या यंत्राचा फायदा कळत नाही, त्याची राखण माणूस कशाला करील?

१९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात बाबासाहेबांकडे श्रम खाते होते. वीज आणि पाटबंधारेही त्यांच्याच कक्षेत होते. वीज स्वस्त आणि मुबलक हवी, कारण तिच्याशिवाय उद्योग नाहीत आणि उद्योगांशिवाय दारिद्र्यातून सुटका नाही, अशी त्यांची मांडणी होती. वीज कोणासाठी, हा प्रश्न त्यांनी वीज किती याच्याइतकाच महत्त्वाचा मानला.

म्हणून आमची मागणी साधी आहे. लाटेवर चालणाऱ्या बोयांना सरकारी पैसा द्या. ते पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत लावा. त्यांच्या दुरुस्तीचे शिक्षण कोळी, गाबीत, खारवी, दालदी आणि खाडीकाठच्या बौद्ध वस्तीतल्या मुलामुलींना आयटीआयमध्ये द्या, आणि नोकऱ्याही त्यांनाच द्या. इशारा मराठीत द्या. मालकाबरोबर तांडेलाला आणि खलाशालाही द्या. समुद्र त्यांनी आयुष्यभर अंगावर झेलला आहे. त्याच्या लाटेतून निघालेल्या पहिल्या शंभर वॅटवर पहिला हक्क त्यांचाच आहे.