मांडणीतली भांडीही बोलली

नवी बास गिटार गळ्यात अडकवली की आधी जाणवतं ते वजन. चारेक किलो, आणि सगळा भार डाव्या खांद्यावर. मग लांबी. लिओ फेंडरने 1951मध्ये प्रिसिजन बास आणली तेव्हा तारेची वाजती लांबी 34 इंच ठेवली. बहुतेक कंपन्या आजही तीच धरून आहेत. पहिल्या फ्रेटपासून चौथ्यापर्यंत बोटं ताणताना पंजा कुरकुरतोच. पौडच्या घरी पहिल्या संध्याकाळी वाजवलेलं रेकॉर्ड करून मोबाइलवर ऐकलं, तर सगळ्यात जाड तार जवळजवळ गायब! साहजिक आहे म्हणा. तिचा मूळ सूर 41 हर्ट्झचा, नखाएवढा स्पीकर तो काढणार कुठून? मोठ्या ॲम्पवर लावली तेव्हा मात्र मांडणीतली भांडी थरथरू लागली, आणि आई आतून म्हणाली, ‘हळू रे, वरण उतू जाईल.’ मोबाइलवरच्या त्या तारेसारखाच बास वाजवणाराही अनेकदा नजरेआड राहतो. आर. डी. बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बास वाजवत. त्या गाण्यांवर आपण वर्षानुवर्षं ठेका धरला, पण त्यांचं नाव किती जणांना ठाऊक? आमच्या मुळशीत बासची खरी परीक्षा पावसाची. ताम्हिणीकडून येणारी ओल लाकडात मुरते, दांडा हलतो. तारा कधी उंच जातात, कधी फ्रेटवर खडखडतात. त्यासाठीच दांड्यात लोखंडी सळई असते. मावळात बास घेणाऱ्यांनी ती सळई फिरवायचा सोबतचा पान्हा जपून ठेवावा, आणि एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त पिळू नये.