माथेरान : ओझे कोणाच्या खांद्यावर?

माथेरानमध्ये मोटार नाही, ही गोष्ट पर्यटनाच्या जाहिरातींत नेहमी कौतुकाने सांगितली जाते. मोटारीच्या जागी तेथे काय आहे, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने ६ ऑगस्ट २०२५ रोजी येथील हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला आणि एक जुनाच प्रश्न ऐरणीवर आला. हे गाव वसले तेच मुळी माणसांच्या आणि घोड्यांच्या पाठीवर.

ठाण्याचे तत्कालीन जिल्हाधिकारी ह्यू मॅलेट मे १८५० मध्ये चौक गावाकडून हा डोंगर चढले. त्यांनी माथेरान 'शोधले' असे पाठ्यपुस्तके सांगतात. डोंगरावर पिढ्यान्‌पिढ्या वावरणाऱ्या धनगर, ठाकूर आणि कातकऱ्यांना ते कधी हरवलेलेच नव्हते! पुढे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी या स्थळाला राजाश्रय दिला. मुंबईच्या उकाड्याला कंटाळलेले गोरे अधिकारी आणि त्यांच्यापाठोपाठ पारशी, बोहरी, गुजराती धनिक येथे बंगले बांधू लागले. ही मंडळी नेरळहून पालखीत किंवा घोड्यावर बसून वर येत.

सर आदमजी पीरभॉय यांच्या भांडवलावर आणि त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांच्या जिद्दीवर उभी राहिलेली दोन फूट रुंदीची रेल्वे १९०७ मध्ये सुरू झाली. खर्च आला सुमारे १६ लाख रुपये. गाडीमुळे मध्यमवर्गालाही माथेरान आवाक्यात आले. मात्र स्थानक ते बंगला ही वाहतूक पूर्वीसारखीच राहिली. या श्रमिकांच्या गावानेच स्वातंत्र्यलढ्याला भाई कोतवाल दिले. नाभिक कुटुंबात जन्मलेले, वकील झालेले कोतवाल २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हुतात्मा झाले. पर्यटकांच्या नकाशावर 'पॉइंट' पुष्कळ असतात. हे नाव तेथे शोधावे लागते.

केंद्र सरकारने फेब्रुवारी २००३ मध्ये माथेरान व परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित केला. या निर्णयाने जंगल वाचले, याबद्दल दुमत नाही. परंतु मोटारबंदीची किंमत कोणी मोजायची, याचा विचार झाला नाही. दस्तुरी नाक्यापासून बाजारपेठेपर्यंतच्या लाल मातीच्या चढावर आजारी माणसे, शाळकरी मुले, गॅस सिलिंडर, भाजीपाला, सारेच अंगमेहनतीने न्यावे लागत होते. मिनीट्रेनचाही भरवसा नव्हता. २००५ च्या अतिवृष्टीत मार्ग वाहून गेला. २०१६ मध्ये डबे घसरल्याने आणि २०१९ मध्ये पावसामुळे सेवा पुन्हा दीर्घकाळ बंद पडली. नेरळहून पूर्ण मार्ग सुरू व्हायला ऑक्टोबर २०२२ उजाडले.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला. विद्यार्थी आणि ज्येष्ठ नागरिकांना दिलासा मिळाला, पण घोडेवाल्यांनी विरोध केला, आणि तो सर्वस्वी अनाठायी नव्हता. रोजगाराचे दुसरे साधन नसलेल्या गावात एका घटकाची सोय ही दुसऱ्याच्या पोटावर पाय ठरू शकते. मार्च २०२५ मध्ये पर्यटकांच्या फसवणुकीच्या तक्रारींवरून बेमुदत बंद पुकारला गेला, तेव्हा या चुरशीचेच दर्शन घडले.

परवानाधारक हातरिक्षाचालकांची संख्या अवघी ९४. माणसाने माणसाला ओढणे मानवी प्रतिष्ठेशी विसंगत आहे, हे सांगतानाच न्यायालयाने या चालकांचे ई-रिक्षांद्वारे पुनर्वसन करण्यास शासनाला बजावले. निधी नाही ही सबब चालणार नाही, असेही स्पष्ट केले. याआधी याच न्यायालयाने ई-रिक्षांची संख्या तूर्त २० पर्यंत मर्यादित ठेवली होती. ९४ आणि २० या आकड्यांतील अंतर भरून काढणे ही मदतीची नव्हे, तर प्रशासकीय इच्छाशक्तीची बाब आहे. आदेशात घोड्यांचा प्रश्न नाही.  २०११ च्या जनगणनेनुसार माथेरानची लोकसंख्या साडेचार हजारांहून कमी आहे. एवढ्या मतांसाठी मंत्रालयातील फाईल किती वेगाने हलते, हे सर्वांना ठाऊक आहे.